जिल्हा परिषद शाळेतलं पहिलं वर्ष: साताऱ्यात नव्याने रुजू होणाऱ्या शिक्षण सेवकांसाठी

शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर निवड झाली, समुपदेशनात शाळा मिळाली आणि आदेशावर पाटण, जावळी किंवा माण तालुक्यातल्या एखाद्या वाडीचं नाव आलं. डी.एड.ला पाठ घेतले ते एका इयत्तेच्या भरल्या वर्गात, निरीक्षक मागे बसलेले असताना. इथे दोन खोल्या, चार इयत्ता, अठरा-वीस मुलं आणि तुमच्यासोबत एक सहकारी, एवढाच सगळा संसार.

या नोकरीत दोन कामं आहेत, शिकवणं आणि नोंदी ठेवणं. नोंद चुकली की खुलासा मागवला जातो. शिकवणं राहून गेलं तर लगेच कुणी विचारत नाही, पण पोर वाचता न येता पाचवीत जातं. त्यामुळे नवा शिक्षक नकळत कागदाकडे ओढला जातो. कागद टाळता येत नाही, पण थोडक्या वेळात आणि बिनचूक उरकता येतो. तो तसा उरकून दिवसाचा मोठा वाटा मुलांजवळ कसा ठेवायचा, ते क्रमाने पाहू.

रुजू होण्याच्या दिवशी

पंचायत समितीच्या शिक्षण विभागात जाताना मूळ कागद आणि साक्षांकित प्रतींचे दोन संच घ्या: नियुक्ती आदेश, शैक्षणिक व व्यावसायिक गुणपत्रकं, टीईटीचं (शिक्षक पात्रता परीक्षेचं) प्रमाणपत्र, जातीचं प्रमाणपत्र व वैधता, वैद्यकीय प्रमाणपत्र, चारित्र्य पडताळणीचे कागद, लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र, आधार, पॅन, बँक पासबुक. सगळ्यांवरचं नाव अक्षरन् अक्षर सारखं आहे का ते घरीच तपासा. लग्नानंतर नाव बदललेल्या शिक्षिकांचं काम इथेच अडतं: आदेशावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पॅनवर तिसरंच. राजपत्र किंवा विवाह नोंदणीचा दाखला सोबत ठेवा.

शाळेत हजर झालात की रुजू अहवाल तीन प्रतींत करा. एक शाळेच्या दप्तरी, एक पंचायत समितीला, आणि एक आवक शिक्का व सही घेऊन तुमच्याकडे. त्यावर तारखेसोबत मध्यान्हपूर्व की मध्यान्होत्तर हे लिहायला विसरू नका. तीन वर्षांची शिक्षण सेवक मुदत, म्हणजे नियमित वेतनाआधीची मानधनावरची नोकरी, याच तारखेपासून मोजतात. ही पोच पुढे नियमित वेतनश्रेणीचा प्रस्ताव जाताना लागते आणि तेव्हा ती शोधत फिरणारे बरेच भेटतात.

मानधन शालार्थ या पगाराच्या ऑनलाइन प्रणालीतून निघतं. शालार्थ क्रमांक मिळेपर्यंत ते सुरू होत नाही, म्हणून दोन-तीन महिन्यांच्या खर्चाची सोय आधीच करून ठेवा. पहिलं मानधन थकबाकीसह एकदम जमा होतं, पण तोवर खोलीचं भाडं आणि गाडीचं पेट्रोल थांबत नाही.

अधिकाऱ्यांची उतरंडही पाठ करून ठेवा. शाळेवर मुख्याध्यापक, मग केंद्रप्रमुख (आसपासच्या शाळांच्या गटाचे, म्हणजे केंद्राचे प्रमुख), बीटाचे म्हणजे तालुक्यातल्या एका भागाचे विस्तार अधिकारी, तालुक्याला गटशिक्षणाधिकारी, जिल्ह्याला शिक्षणाधिकारी (प्राथमिक). प्रशिक्षणांची बाजू फलटणच्या डायटकडे (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेकडे) असते. अर्ज कोणताही असो, तो याच क्रमाने वर जातो. मधली पायरी गाळलेला अर्ज तसाच परत येतो.

पहिले आठ दिवस: मोजल्याशिवाय सही नाही

द्विशिक्षकी शाळेत दोघांतला ज्येष्ठ शिक्षक मुख्याध्यापकाचा कार्यभार सांभाळतो. त्याची बदली झाली किंवा तो लांबच्या रजेवर गेला की चार्ज तुमच्याकडे. चार्ज यादीत लिहिलेली प्रत्येक वस्तू स्वतः मोजा: तांदळाच्या गोण्या, गॅस सिलिंडर, टॅब, टीव्ही, ग्रंथालयाची पुस्तकं, वजनकाटा. यादीत आहे आणि कपाटात नाही अशी वस्तू सापडली तर यादीवरच ‘प्रत्यक्षात आढळली नाही’ असं लिहून दोघांच्या सह्या घ्या. सगळं ठीक आहे असं समजून केलेली सही निवृत्तीपर्यंत पाठ सोडत नाही.

दप्तरात सर्वांत जपायचा ग्रंथ म्हणजे जनरल रजिस्टर, मुलांच्या प्रवेशाची नोंदवही. त्यातली एक ओळ म्हणजे त्या मुलाचा जन्मभराचा पुरावा: दाखला, जात पडताळणी, पासपोर्ट, नोकरी, सगळं तिथून निघतं. साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झालं. रजिस्टरातला क्रमांक १९१४. सव्वाशे वर्षांनीही ती नोंद तिथे पाहता येते, आणि ७ नोव्हेंबर हा दिवस राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. तुमच्या वाडीतल्या मुलाची ओळही तेवढीच टिकणार आहे, हे ध्यानात ठेवून पेन उचला.

पहिलीत दाखल करताना त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला मुलाला ६ वर्षं पूर्ण होतात का ते पाहा. जन्मदाखला ग्रामपंचायतीचा घ्या आणि जन्मतारीख अंकात व अक्षरात दोन्ही लिहा. आईचं नाव, जात, पोटजात, जन्मगाव हे रकाने पालकाला वाचून दाखवून मगच पक्के करा. ‘शिंदे’चं ‘शिंदें’ आणि ‘कोळी’चं ‘कोली’ असल्या चुका वीस वर्षांनी महागात पडतात. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, शिक्षण हक्क कायद्याचं कलम १४ तसं स्पष्ट सांगतं. अशा मुलाला दाखल करून घ्या आणि दाखल्यासाठी पालकाच्या मागे लागा. खाडाखोड, पांढरी शाई, चिकटवलेली पट्टी यांना रजिस्टरात जागा नाही. दुरुस्ती लागलीच तर वरिष्ठांच्या लेखी आदेशाने लाल शाईत, आदेशाचा क्रमांक व तारीख टाकून करायची.

याच आठवड्यात एक वही घाला. पहिल्या पानावर शाळेचा ११ अंकी यु-डायस क्रमांक (देशभरच्या शाळांच्या नोंदीतला), मग इयत्तावार पट मुलगे-मुली आणि प्रवर्गनिहाय, प्रत्येक मुलाचा आधार व सरल या राज्याच्या ऑनलाइन विद्यार्थी-नोंदीतला क्रमांक, खोल्या, स्वच्छतागृहं, नळजोड, वीजमीटरचा ग्राहक क्रमांक, बँक खातं. केंद्राच्या फोनवरच्या गटावर सकाळी अकराला ‘आज दुपारी १ पर्यंत तातडीने’ असा निरोप येतो. दहापैकी आठ वेळा मागितलेली माहिती या वहीतच असते. मधल्या सुट्टीत पाच मिनिटांत पाठवून मोकळं व्हायचं. ही वही नसलेला शिक्षक दर वेळी कपाट उघडून बसतो आणि तेवढा वेळ वर्ग रिकामा राहतो.

दिवसाची मांडणी

कायद्यातले आकडे आधी माहीत असू द्या. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० कामाचे दिवस आणि ८०० अध्यापनाचे तास, सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास. शिक्षकाचे आठवड्याचे ४५ तास, त्यात पूर्वतयारीही धरलेली आहे. पटाचा हिशोब ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक. म्हणून १२ मुलांची शाळाही द्विशिक्षकी आणि ५८ मुलांचीही.

बहुतेक शाळांत एक शिक्षक पहिली-दुसरी घेतो आणि दुसरा तिसरी-चौथी. परिपाठानंतरचे पहिले दोन तास भाषा आणि गणिताला राखून ठेवा आणि त्या वेळात फोन कपाटात. मुलं तेव्हा ताजी असतात. एकदा पोषण आहाराची गडबड सुरू झाली की दिवसाचा तुकडा पडतो.

दोन इयत्ता एकाच खोलीत असताना २०-२० मिनिटांचे भाग पाडा. पहिलीला प्रत्यक्ष शिकवताना दुसरीला स्वाध्याय, मग अदलाबदल. दोन्ही गट एकाच फळ्याकडे तोंड करून बसवले तर एकाचं शिकवणं दुसऱ्याच्या कानावर पडत राहतं आणि कुणाचंच लक्ष लागत नाही. शेजारच्या दोन भिंतींवर दोन फळे घ्या आणि मुलांना काटकोनात बसवा. दुसरा फळा नसेल तर भिंतीचा खालचा तीन फुटांचा पट्टा काळ्या रंगाने रंगवून घ्या. मुलांनाही त्यावर लिहिता येतं.

द्विशिक्षकी शाळा सर्वांत जास्त कुठे फसत असेल तर स्वाध्यायात. ‘पान नंबर १४ पाहून लिहा’ असं सांगून शिक्षक दुसऱ्या इयत्तेकडे वळतो, आणि लिहिलेलं कुणी पाहत नाही. तिसऱ्या आठवड्यापर्यंत मुलांच्या ते ध्यानात येतं. मग पुढचा मुलगा लिहितो आणि बाकीचे त्याचं पाहून उतरवतात. स्वाध्याय लहान द्या. दहा गणितं देण्यापेक्षा तीन द्या, आणि अदलाबदलीच्या वेळी सगळ्यांच्या पाट्या वर करायला सांगा. एका नजरेत कळतं कुणाचं चुकलंय. तीन गणितं तपासायला दोन मिनिटं लागतात. दहांचा गठ्ठा घरी नेला की राहूनच जातो.

सहकारी प्रशिक्षणाला किंवा मिटिंगला गेला की चारही इयत्ता तुमच्यावर. त्या दिवशी चार वेगळे पाठ घेण्याच्या भानगडीत पडू नका. एकच गोष्ट सगळ्यांना सांगा. पहिलीने तिचं चित्र काढून दोन नावं लिहायची, दुसरीने तीन वाक्यं, तिसरीने गोष्ट स्वतःच्या शब्दांत, चौथीने शेवट बदलून. गणितातही वजाबाकी हा एकच विषय घ्या, अंक फक्त लहान-मोठे करा.

वाचन

निपुण भारत या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानाची उद्दिष्टं भिंतीवर लावलेली असतात: पहिलीअखेर चार-पाच सोप्या शब्दांची वाक्यं आणि ९९ पर्यंत संख्या, दुसरीअखेर मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि ९९९ पर्यंत संख्या, तिसरीअखेर मिनिटाला किमान ६० शब्द आणि ९९९९ पर्यंत संख्या. मोजमाप म्हणून ते ठीक. शिकवायला सुरुवात मात्र अक्षरापासून करावी लागते.

मुळाक्षरं अ ते ज्ञ या क्रमाने शिकवत बसलात तर पहिला शब्द वाचायला दिवाळी उजाडते. क, म, ल, र, न, ब ही सहा अक्षरं आणि एक काना एवढं आलं की मका, कान, नाक, काम, बाबा, माला, कमान असे कितीतरी शब्द मुलाच्या हातात येतात. पंधरा दिवसांत ‘मला वाचता येतं’ हे त्याला कळतं, आणि तिथून पुढे ढकलावं लागत नाही. मग रोज एक अक्षर, आणि त्याच दिवशी जुन्या अक्षरांशी जोडून नवे शब्द.

सारखी दिसणारी अक्षरं एकाच आठवड्यात घेऊ नका. म-भ, घ-ध, ब-व, ट-ठ-ढ या जोड्या वेगळ्या ठेवा. एक पक्कं झालं की दुसरं, आणि मग दोन्ही शेजारी लिहून फरक बोटाने गिरवून घ्या. घ-ध मध्ये घोळ घालणाऱ्या मुलाला ‘नीट बघ’ म्हणून काही होत नाही, कारण कुठे बघायचं हेच त्याला माहीत नसतं. ‘घ’ची शिरोरेघ अखंड, ‘ध’ची सुरुवातीला तुटलेली आणि तिथे गाठ, हे फळ्यावर वीतभर मोठं काढून दाखवा. दुसरीत रफार अडतो. चिन्ह ‘य’च्या डोक्यावर आणि उच्चार मात्र त्याच्या आधी, म्हणून ‘सूर्य’चं ‘सूय्र’ होतं. ‘सू-र्-य’ असं टाळी वाजवत म्हणून घेतलं की बसतं.

मुलांची बोली सांभाळा. ‘गुर्जी, त्यो आज येणार न्हाय, मामाच्या गावाला गेलाय’ हे वाक्य पूर्ण आहे आणि त्यात काही चूक नाही. त्यावर वर्ग हसला किंवा तुम्ही मध्येच दुरुस्त केलंत तर ते पोर पुढचे दोन महिने तोंड उघडत नाही. बोलू द्या, आणि तेच वाक्य फळ्यावर पुस्तकी रूपात लिहून ‘पुस्तकात असं लिहितात’ एवढंच सांगा. दोन्ही रूपं शेजारी राहिली की तिसरीपर्यंत मूल आपणहून बदल करायला लागतं.

दर पंधरवड्याला प्रत्येकाचं वाचन ऐका. न पाहिलेला उतारा, एक मिनिट, बरोबर वाचलेले शब्द मोजायचे आणि शेवटी एक प्रश्न. एका मुलाला तीन मिनिटं लागतात. अठरा मुलं एका दिवशी घ्याल तर तास संपतो. रोज तीन घ्या, नऊ मिनिटांत होतं आणि सहा दिवसांत वर्ग पुरा. प्रश्न गाळू नका. भराभर वाचून काहीच न कळलेली मुलं नुसत्या आकड्यात लपतात.

हातच्याची वजाबाकी

दुसरी-तिसरीत ५२ वजा २७ चं उत्तर ३५ आलं की ‘चूक’ म्हणून फुली मारून पुढे जाऊ नका. मुलाने सातातून दोन वजा केले आहेत. मोठ्यातून लहान वजा करायचं हा नियम त्याने पक्का धरलाय, खालचं-वरचं त्याच्या लेखी सारखंच. शंभर काड्या आणि रबर घ्या. पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या मांडायला सांगा आणि सात सुट्या मागा. तो अडतो. त्यालाच विचारा, ‘आता काय करायचं?’ बहुतेक मुलं आपणहून एक गठ्ठा सोडतात. चार गठ्ठे, बारा सुट्या. सात दिल्या, पाच उरल्या. दोन गठ्ठे दिले, दोन उरले. पंचवीस. हे किमान चार वेळा हाताने झाल्याशिवाय वहीत ‘हातचा’ हा शब्द आणू नका. ज्यांना हे घाईत शिकवलं, ते चौथीत १००० वजा ३६८ ला पुन्हा अडकतात.

पोषण आहार

प्रमाण पक्कं आहे. पहिली ते पाचवीच्या एका मुलाला १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. सहावी ते आठवीला १५० ग्रॅम, ३० ग्रॅम, ७५ ग्रॅम आणि साडेसात ग्रॅम. म्हणजे १७ मुलं हजर असतील तर १ किलो ७०० ग्रॅम तांदूळ, ३४० ग्रॅम डाळ, ८५० ग्रॅम भाजी, ८५ ग्रॅम तेल. अंदाजाने माप टाकू नका, काटा वापरा. दिवसाला मूठभर तांदूळ जास्त गेला तरी महिन्याअखेरीस नोंदवहीतली शिल्लक आणि गोणीतली शिल्लक जुळत नाही, आणि तपासणीत आधी तेच निघतं.

क्रम असा ठेवा. परिपाठ झाला की हजेरी, हजेरीतला आकडा स्वयंपाक करणाऱ्या ताईंना, तोच आकडा नोंदवहीत आणि त्याच दिवशी ॲपवर. तीन ठिकाणी तीन आकडे पडण्याचं एकच कारण असतं, नोंद उद्यावर टाकलेली असते. रेंज नसलेल्या वाड्यांत आकडा वहीत लिहून ठेवा आणि गावाच्या टेकाडावर किंवा घरी पोचल्यावर त्याच संध्याकाळी भरा.

मुलांना वाढण्याआधी शिक्षकाने आणि एखाद्या पालकाने चव घेऊन चव नोंदवहीत वेळेसह लिहायचं. हे नुसत्या सहीचं काम समजू नका. कडवट तेल, किडलेली डाळ, नीट न शिजलेला वाटाणा इथेच अडवता येतो. गोण्या जमिनीवर टेकवू नका. लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब रचा. पाटण, महाबळेश्वर, जावळीच्या पावसात भिंतीला टेकलेली गोणी आठवड्यात घामेजते आणि तांदळात जाळी धरते. जुना साठा आधी संपवायचा, म्हणून गोणीवर आल्याची तारीख खडूने लिहा. माल उतरवून घेताना प्रत्येक गोणीचं वजन करा, पावतीवर जे प्रत्यक्ष भरलं तेच लिहा.

आरोग्य विभागाच्या लोहाच्या गोळ्या जेवणानंतरच द्या. उपाशी पोटी दिली तर मळमळ होते आणि पुढच्या आठवड्यात मुलं ती थुंकतात. जंतनाशक गोळी चावून खायला लावा.

मूल्यमापन

हजेरीचा हिशोब आधी. १८ मुलं, २४ दिवस, म्हणजे ४३२ उपस्थिती शक्य. प्रत्यक्षात ३८९ झाली तर सरासरी १६.२ आणि टक्केवारी ९०. ही बेरीज महिन्याच्या शेवटच्या दिवशी वर्ग सुटायच्या आधी करा.

२० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने आलेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात आकारिक (शिकवताना वर्षभर चालणारी) आणि संकलित (सत्राअखेरच्या चाचणीची) अशा दोन बाजू आहेत. पहिली-दुसरीला आकारिकचा भार ७० टक्के, तिसरी-चौथीला ६०, पाचवी-सहावीला ५०, सातवी-आठवीला ४०; उरलेला भार संकलितचा. पाचवी आणि आठवीला २०२३-२४ पासून वार्षिक परीक्षा आहे आणि नापास झालेल्याला पुनर्परीक्षेची संधी.

सगळ्या आकारिक नोंदी सत्राच्या शेवटी एका बैठकीत भरल्या जातात, ही या पद्धतीची मोठी दुखरी बाजू. त्या ओळखू येतात: अठरा मुलांना ‘अभ्यासात रस घेतो’, ‘सुंदर अक्षर काढतो’. ‘हातच्याची वजाबाकी काड्यांशिवाय अजून जमत नाही, काड्यांनी चारही बरोबर’ अशी एक नोंद पुढच्या शिक्षकाला उपयोगी पडते. दर शुक्रवारी तीन मुलांच्या अशा नोंदी लिहा. सहा आठवड्यांत वर्ग पुरा होतो, सत्रात दोन फेऱ्या सहज निघतात.

दिवाळीनंतर पट का हलतो

या जिल्ह्यात हे समजून घ्यावंच लागतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात साखर कारखान्यांचं गाळप सुरू होतं आणि कराड, कोरेगाव, फलटण, वाई भागात ऊसतोड टोळ्या उतरतात. फडाच्या कडेला कोप्या (तात्पुरत्या झोपड्या) पडतात, आणि त्या कोप्यांत तुमच्या शाळेच्या वयाची मुलं असतात. दुसरीकडे माण-खटावातले मेंढपाळ कळप घेऊन बाहेर पडतात आणि त्यांच्यासोबत तुमच्या पटावरची मुलं जातात.

येणाऱ्या मुलांसाठी टोळी आल्याच्या पहिल्या आठवड्यात मुकादमाला भेटा. सकाळी नऊला गेलात तर कोप्यांत फक्त मुलं आणि म्हाताऱ्या भेटतात, मोठी माणसं पहाटेच फडात गेलेली असतात. संध्याकाळी जा. जुना दाखला नाही म्हणून मुलाला थांबवू नका, कायद्याने ते चालत नाही. वयानुरूप इयत्तेत बसवा. येताना त्याने शिक्षण हमी कार्ड आणलं असेल तर त्यात तो कुठवर शिकलाय ते असतं. यातली बरीच मुलं, विशेषतः दहा-अकरा वर्षांच्या मुली, धाकट्या भावंडाला सांभाळायला कोपीवर थांबतात. बाळासह येऊ दे म्हणालात, अंगणवाडी शेजारी असेल तर सेविकेशी बोललात, तर ती मुलगी येते. नुसतं ‘शाळेत पाठवा’ म्हणून येत नाही.

जाणाऱ्या मुलांचं नाव लगेच कमी करू नका. कुटुंब कुठे जातंय, परत कधी येणार, फोन कोणाचा, हे दसऱ्याआधीच लिहून घ्या, हमी कार्ड भरून द्या आणि शक्य असेल तर आजी-आजोबांजवळ मूल मागे ठेवण्याविषयी घरी बोला. परत आल्यावर ते मूल चार महिने मागे असतं. त्याला त्याच्या इयत्तेच्या पानावर न बसवता जिथे सुटलं तिथून रोज वीस मिनिटं द्या.

मानधन, रजा आणि बाहेरची कामं

१ जानेवारी २०२३ पासून प्राथमिकच्या शिक्षण सेवकाला महिना १६,००० रुपये मानधन आहे, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,०००. त्यातून पुरुषांचा व्यवसायकर २०० रुपये जातो, फेब्रुवारीत ३००. महिलांना महिना २५,००० पर्यंत तो माफ आहे. तीन वर्षं समाधानकारक झाली की एस-१० म्हणजे २९,२०० ते ९२,३०० या वेतनश्रेणीत. तो प्रस्ताव आपोआप निघत नाही. मुदत संपण्याच्या दोन-तीन महिने आधी कागद जुळवून मुख्याध्यापकांमार्फत द्या. तीन वर्षांचं काम सारखंच असताना वेतन निम्म्याहून कमी, ही नव्या शिक्षकाची रास्त तक्रार आहे, आणि घर सोडून दुर्गम भागात राहणाऱ्याला ती जास्त बोचते.

किरकोळ रजा शिक्षकाला वर्षाला १२. द्विशिक्षकी शाळेत दोघांनी एकाच दिवशी रजा टाकली की शाळा बंद पडते, म्हणून दोघांनी महिन्याच्या सुरुवातीला एकमेकांच्या तारखा पाहाव्यात. अचानक अडचण आली तर मुख्याध्यापक आणि केंद्रप्रमुख दोघांना शाळा भरण्यापूर्वी कळवा, आणि संदेश पुसू नका.

अशैक्षणिक कामाबाबत शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ तीनच कामं मोकळी ठेवतं: जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक. मतदारयादीचं काम सुट्टीच्या आणि अध्यापन नसलेल्या दिवशी घ्यावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच सांगितलंय. याबाहेरचं काम तोंडी आलं तर नम्रपणे लेखी आदेश मागा. भांडण करायची गरज नसते. लेखी मागितल्यावर बरीच कामं आपोआप मागे पडतात.

३० पर्यंत पट असलेल्या शाळेला समग्र शिक्षा योजनेतून वर्षाला १०,००० रुपये संयुक्त अनुदान असतं. त्यातच खडू, झाडू, किरकोळ दुरुस्ती. पैसे शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावानेच खर्च करायचे. या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात. बैठक ऊस-कांद्याच्या कामाच्या दिवसात दुपारी ठेवली तर कोरम भरत नाही. गावच्या आठवडी बाजाराचा दिवस सोडून संध्याकाळी ठेवा.

मुलांच्या सुरक्षिततेबाबत सूट नाही

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ प्रमाणे शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हींना बंदी आहे. छडी तर नाहीच, पण ‘ढ’, ‘मठ्ठ’ म्हणणं, उन्हात उभं करणं, जातीवरून बसवणं हेही त्यातच. पालक स्वतः ‘मारा गुरुजी, हाडं आमची कातडं तुमचं’ म्हणतात. त्यांना सांगा की तो अधिकार त्यांच्याकडेही नाही आणि तुमच्याकडेही.

एखाद्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कानावर आलं तर गावात चौकशी करत बसू नका, दोन्ही बाजूंची समजूत घालू नका. पोक्सो कायदा, २०१२ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवणं हा गुन्हा. १०९८ हा बालकांच्या मदतीचा फोन क्रमांक प्रत्येक वर्गात मुलांच्या नजरेच्या उंचीवर लावा.

पावसाळ्यात खोली उघडल्यावर आधी कोपरे, चटया आणि कपाटामागची जागा काठीने हलवून मगच मुलांना आत घ्या. सर्पदंश झाला तर १०८ ला फोन, मुलाला चालवायचं नाही, जखम कापायची किंवा चोखायची नाही. गावचा मांत्रिक आधी आणि दवाखाना मग, असा आग्रह झाला तरी गाडी थांबवू नका. कोयनेच्या पाण्यापलीकडच्या वाड्यांत लाँचने जावं लागतं. तिथल्या शिक्षकाने लाँचवाल्याचा आणि जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा नंबर फोनमध्ये आणि भिंतीवर दोन्हीकडे ठेवावा.

एप्रिल आणि १ मे

वर्षअखेरीची कामं एकदम अंगावर येतात: संकलित चाचणी, निकालपत्रकं, प्रगतीपुस्तकं, चौथीच्या मुलांचे दाखले, पोषण आहाराची शिल्लक, अनुदानाचा विनियोग दाखला, आणि अंगणवाडीच्या यादीवरून पुढच्या वर्षीच्या दाखलपात्र मुलांचं सर्वेक्षण. दाखले मार्चमध्येच पेन्सिलीने कच्चे लिहून जनरल रजिस्टराशी जुळवून ठेवा. १ मेला निकालाच्या दिवशी घाईत लिहिलेल्या दाखल्यात जन्मतारखेची चूक होते, आणि ती जूनमध्ये पाचवीच्या शाळेच्या रजिस्टरात जाऊन बसते.

सुट्टी लागण्याआधी प्रत्येक मुलासाठी अर्धं पान लिहून वर्गाच्या कपाटात ठेवा. कोणतं अक्षर अजून चुकतं, मिनिटाला किती शब्द वाचतो, कोणती गणितं काड्यांशिवाय येतात, घरी अभ्यासाला कोण बसवतं, दिवाळीनंतर बाहेरगावी जातो का, चष्म्याची गरज वाटते का. तुमची बदली झालीच तर चार्ज यादीसोबत ती अठरा अर्धी पानंही द्या.